खुंटी आणि मणी: फोनमधला व्हीसीओ सुरात कसा लागतो?

(आजच्या भागाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज तसाच ठेवलाय.)

इअरफोन कानात आहेत ना? छान. मग आज त्या फोनच्याच पोटात शिरूया.

तुमच्या फोनला किती वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींवर काम करावं लागतं, मोजून बघा. भारतात १ ऑक्टोबर २०२२ ला ५जी सुरू झालं, त्यातले मुख्य पट्टे ७०० मेगाहर्ट्झ आणि ३३०० मेगाहर्ट्झच्या पुढचे. ४जीसाठी ८५०, ९००, १८००, २१००, २३०० मेगाहर्ट्झ. वायफाय २.४ आणि ५ गिगाहर्ट्झवर. ब्लूटूथ २.४ वर. नकाशा लावला की जीपीएस १५७५.४२ मेगाहर्ट्झवर. फोनमध्ये नाविक असेल तर ११७६.४५ सुद्धा.

आता गंमत ऐका. फोनमध्ये घड्याळासारखा नेमका चालणारा खरा भाग म्हणजे क्वार्ट्झचा क्रिस्टल. तो बहुतेक फोनमध्ये २६ किंवा ३८.४ मेगाहर्ट्झ असा एकच सूर देतो. एवढ्या एका सुरावरून वर सांगितलेली सगळी फ्रिक्वेन्सी तयार करायची! हे काम करणाऱ्या यंत्रणेला म्हणतात फ्रिक्वेन्सी सिंथेसायझर, आणि तिच्या मध्यभागी बसलेला असतो व्हीसीओ, म्हणजे व्होल्टेज कंट्रोल्ड ऑसिलेटर. व्होल्टेज बदललं की ज्याची फ्रिक्वेन्सी बदलते, असा ऑसिलेटर.

हा व्हीसीओ डिझाइन करताना इंजिनिअरच्या समोर नेमका पेच काय असतो, तेच आज बोलूया. गणित अगदी थोडं येईल. घाबरू नका.

आधी सिंथेसायझर कसा चालतो ते

व्हीसीओ स्वभावाने चंचल असतो. फोन तापला, बॅटरी उतरली, की त्याचा सूर सरकतो. क्रिस्टल मात्र स्थिर, पण त्याचा सूर खालचा. मग दोघांची जोडी लावतात. व्हीसीओची फ्रिक्वेन्सी भागायची, म्हणजे समजा १०० ने भागायची, आणि जे उरेल ते क्रिस्टलशी ताडून बघायचं. पुढे धावतोय? व्होल्टेज थोडं कमी कर. मागे पडतोय? थोडं वाढव. ही तुलना सतत चालू राहते. याला म्हणतात फेज लॉक्ड लूप, म्हणजे पीएलएल. आंरी द बेलसीझ या फ्रेंच इंजिनिअरने १९३२ साली रेडिओ रिसीव्हरच्या संदर्भात ही कल्पना मांडली होती. आज ती प्रत्येक फोनमध्ये आहे.

चॅनल बदलायचं असलं की भागाकाराचा आकडा बदलायचा. बस. लूप व्हीसीओला नव्या जागी ओढून नेतो.

तुम्ही म्हणाल, लूप दुरुस्ती करतोच आहे, तर व्हीसीओ कसाही असला तरी चालेल की! नाही चालत. लूप हळू बदल पकडतो. फोन तापल्याने झालेली सरकणं तो सहज सुधारतो. पण खूप जलद होणारी थरथर त्याच्या हाती लागत नाही. ती थरथर जशीच्या तशी बाहेर जाते. म्हणून व्हीसीओ मुळातच स्वच्छ असावा लागतो.

झोपाळा आणि धक्का

व्हीसीओच्या आत असतो एक इंडक्टर आणि एक कपॅसिटर. ऊर्जा एकदा याच्यात, एकदा त्याच्यात, अशी झोके घेते. इंडक्टर १ नॅनोहेन्रीचा आणि कपॅसिटर १ पिकोफॅरडचा घेतला, तर झोका सेकंदाला सुमारे ५०३ कोटी वेळा होतो, म्हणजे ५.०३ गिगाहर्ट्झ. हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. यावरून बाकीचे अंदाज पटकन बांधता येतात.

पण अंगणातला झोपाळा जसा घर्षणाने थांबतो, तसा हाही थांबतो. कारण तारेला रोध असतोच. मग दर झोक्याला हलका धक्का द्यावा लागतो. ते काम दोन ट्रान्झिस्टर करतात. एकाचं आउटपुट दुसऱ्याच्या गेटला, दुसऱ्याचं पहिल्याच्या गेटला, अशी फुलीची जोडणी. ही जोडी जणू उणे रोधासारखी वागते आणि तारेने खाल्लेली ऊर्जा भरून काढते. धक्का गरजेपुरताच ठेवून भागत नाही. चिप थंडीत असो की उन्हात, ऑसिलेटर सुरू झालाच पाहिजे, म्हणून साधारण दोन-तीन पट जोर हाताशी ठेवतात.

आता चिपवर इंडक्टर करायचा म्हणजे धातूचं वेटोळं काढायचं. ट्रान्झिस्टर लहान लहान होत गेले, पण हे वेटोळं काही लहान होत नाही. शंभर-दोनशे मायक्रॉन रुंद. तेवढ्या जागेत हजारो ट्रान्झिस्टर मावतील! त्यात खालचं सिलिकॉनही थोडी वीज वाहून नेतं, त्यामुळे ऊर्जा गळते. म्हणूनच बरीच वर्षं हे चिपवर करण्यात अर्थ नाही असं मानलं जायचं. १९९० च्या सुमारास अमेरिकेत बर्कलीला न्यूयेन आणि मेयर यांनी सिलिकॉनवर चालण्याजोगे इंडक्टर दाखवले. १९९२ मध्ये त्यांनी १.८ गिगाहर्ट्झचा संपूर्ण चिपवरचा व्हीसीओ प्रसिद्ध केला. तिथून पुढे फोनच्या रेडिओचे सुटे भाग एकेक करून चिपच्या आत गेले.

थरथर म्हणजे फेज नॉइज

आदर्श ऑसिलेटरचा सूर एकच, सुईच्या टोकासारखा. खऱ्या ऑसिलेटरच्या सुराला दोन्ही बाजूंनी धुकं असतं. उष्णतेमुळे इलेक्ट्रॉन अस्वस्थ असतात, त्यांची ही खूण. याला फेज नॉइज म्हणतात.

त्याने बिघडतं काय? समजा तुम्ही गावाबाहेर आहात. टॉवरचा सिग्नल येतोय उणे १०० डीबीएम, म्हणजे अगदी क्षीण. आणि जवळच दुसऱ्या कंपनीचा टॉवर ३ मेगाहर्ट्झ अंतरावरच्या चॅनलवर उणे ४० डीबीएमने बोलतोय. फरक ६० डेसिबल, म्हणजे शेजारी दहा लाख पट जोरात आहे. रिसीव्हरमध्ये व्हीसीओचा सूर आणि आलेला सिग्नल यांचं मिश्रण होतं. व्हीसीओच्या भोवती धुकं असेल, तर शेजाऱ्याचा दणदणीत आवाज त्या धुक्याशी मिसळून बरोबर तुमच्या चॅनलवर येऊन बसतो. तुमचा सिग्नल अँटेनापर्यंत पोचलेला असतो, तरी फोनला तो ऐकू येत नाही. स्क्रीनवर दांडे कमी दिसतात आणि आपण टॉवरला नावं ठेवतो.

किती स्वच्छता हवी, याचा हिशेब करूया. २०० किलोहर्ट्झचं २जी चॅनल घ्या. गोंगाट सिग्नलपेक्षा किमान ९ डेसिबल खाली हवा, म्हणजे उणे १०९. शेजारी उणे ४० वर. २०० किलोहर्ट्झ रुंदीचे ५३ डेसिबल त्यात धरा. उत्तर येतं: ३ मेगाहर्ट्झ अंतरावर, दर एक हर्ट्झमागे, व्हीसीओचं धुकं मुख्य सुरापेक्षा १२२ डेसिबल खाली असलं पाहिजे. हे झालं ऐकण्याचं. बोलताना अट आणखी कडक असते. २जीच्या ९०० मेगाहर्ट्झ पट्ट्यात फोन प्रक्षेपण करतो, तेव्हा २० मेगाहर्ट्झ अंतरावर धुकं १६२ डेसिबल खाली लागतं. म्हणजे जवळजवळ एकावर सोळा शून्यं, इतक्या पटीने लहान! का? कारण तुमच्या फोनच्या धुक्याने शेजारी उभ्या माणसाचा फोन बहिरा होऊ नये. चांगला व्हीसीओ म्हणजे एक प्रकारे शेजारधर्मच.

डेव्हिड लीसन यांनी १९६६ मध्ये या धुक्याचं एक छोटं सूत्र दिलं. आजही डिझाइनची पहिली बैठक त्यावरच होते. त्यातल्या तीन गोष्टी लक्षात ठेवा. मुख्य सुरापासून दुप्पट दूर गेलात, की धुकं ६ डेसिबलने उतरतं. झोक्याची ताकद दुप्पट केलीत, की ३ डेसिबल सुधारणा. आणि वेटोळ्याचा दर्जा, ज्याला क्यू म्हणतात, तो दुप्पट केलात की ६ डेसिबल.

म्हणजे बॅटरी जाळून जे मिळतं, त्याच्या दुप्पट डेसिबल चांगल्या वेटोळ्यातून फुकट मिळतात. फुकट म्हणजे घाम गाळून, बरं का! चिपवरच्या वेटोळ्याचा क्यू साधारण १० ते २० च्या घरात असतो. तो १२ वरून १५ वर न्यायला जाड धातूचा थर, मधली जागा मोकळी, आकार गोलाकडे झुकणारा, अशा कितीतरी गोष्टी जुळवाव्या लागतात. आणि करंट वाढवत नेण्यालाही हद्द आहे. झोका पुरवठ्याच्या व्होल्टेजला भिडला की आणखी करंट नुसता वाया जातो. १९९८ मध्ये हाजिमिरी आणि ली यांनी यापुढचं पाऊल टाकलं. झोक्याच्या कोणत्या क्षणी धक्का बसतो यावर धुकं किती होणार हे ठरतं, हे त्यांनी मांडलं. झोपाळा शेवटच्या टोकाला असताना ढकललं तर लय टिकते. मध्येच ढकललं तर लय मोडते. तुम्हाला-आम्हाला हे लहानपणापासून ठाऊक आहे, त्यांनी त्याचं गणित केलं.

आता खरा पेच

आतापर्यंत सूर स्वच्छ कसा ठेवायचा ते बघितलं. पण व्हीसीओमधलं पहिलं अक्षर व्होल्टेजचं आहे. सूर बदलताही आला पाहिजे. त्यासाठी कपॅसिटरच्या जागी व्हॅरॅक्टर लावतात. त्याची धारकता व्होल्टेजवर बदलते.

सरळ विचार करा. मला ३ ते ४ गिगाहर्ट्झ हवेत, आणि हातात व्होल्टेज आहे १ व्होल्टचं. मग एकच मोठा व्हॅरॅक्टर लावला, झालं! पण याचा अर्थ १ व्होल्टला १००० मेगाहर्ट्झ. म्हणजे त्या तारेवर १ मिलिव्होल्टची कुरकुर आली, तरी सूर १ मेगाहर्ट्झने हलला. २०० किलोहर्ट्झची पाच चॅनल ओलांडली की! आणि मिलिव्होल्टभर कुरकुर कुठूनही येते. शेजारचा प्रोसेसर, डिस्प्ले, चार्जर, खुद्द लूपमधले रोधक.

हाच तो पेच. पल्ला मोठा हवा तर सूर नाजूक होतो. सूर घट्ट हवा तर पल्ला आखडतो.

याचं उत्तर आपल्या घरातल्या तंबोऱ्यात आहे. तंबोरा लावताना आधी वरची खुंटी पिळतात. तार सुराच्या आसपास आली की खुंटीला हात लावत नाहीत. मग घोडीखालचा मणी किंचित सरकवतात आणि सूर नेमका लागतो. खुंटीने नेमका सूर लावायला गेलात तर तार सुराच्या पुढे-मागेच होत राहील. आणि नुसत्या मण्याने काळी एकवरून काळी चारला जाता येणार नाही.

व्हीसीओत अगदी हेच करतात. खुंटी म्हणजे स्विचने चालू-बंद होणारे कपॅसिटर. सहा स्विच, प्रत्येकाचा कपॅसिटर आधीच्याच्या दुप्पट. सहा स्विचच्या ६४ जुळण्या, म्हणजे ६४ पट्टे. मणी म्हणजे छोटासा व्हॅरॅक्टर. १००० मेगाहर्ट्झमध्ये ६४ पट्टे बसवले की दोन पट्ट्यांत साधारण १६ मेगाहर्ट्झचं अंतर राहतं. व्हॅरॅक्टरला ४० मेगाहर्ट्झचा आवाका दिला की पट्टे एकमेकांवर छान चढतात. आता १ मिलिव्होल्टला सूर हलतो ४० किलोहर्ट्झ. पंचवीस पट कमी. तारेवरच्या कुरकुरीचा त्रास २८ डेसिबलने उतरला, आणि पल्ला तेवढाच राहिला!

फोन चॅनल बदलतो तेव्हा आधी लूप सोडून देतो, आणि कोणता पट्टा हवा ते मोजून शोधतो. मधला पट्टा लाव. सूर वर आहे की खाली? अर्धे पट्टे बाद. पुन्हा मधला. सहा वेळा विचारलं की ६४ पैकी नेमका पट्टा सापडतो. मग खुंटी तिथेच ठेवायची आणि लूपच्या हाती मणी द्यायचा. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं.

फुकट काहीच नाही, हे मात्र इथेही आहे. स्विच म्हणजे ट्रान्झिस्टर. तो मोठा केला तर रोध कमी, क्यू चांगला. पण मोठा स्विच बंद असतानाही थोडी धारकता सोडत नाही, त्यामुळे पल्ला आखडतो. लहान केला तर उलटं. आणि पट्टे एकमेकांवर चढवण्यात कंजुषी केली, तर दोन पट्ट्यांच्या मध्ये एक खड्डा उरतो. नेमकं तिथलं चॅनल आलं की लूप काही केल्या लॉक होत नाही. असा खड्डा कधीकधी फक्त तापलेल्या चिपमध्ये दिसतो, टेबलावरच्या चाचणीत दिसतच नाही. म्हणून अनुभवी डिझाइनर पल्ला गरजेपेक्षा मोठा घेतात. कारखान्यात कपॅसिटर दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे होतात, ते धरून.

एका डोंगलचं उदाहरण

पल्ल्याचं आणखी एक कोडं आहे. फ्रिक्वेन्सी दुप्पट करायची तर धारकता चौपट बदलावी लागते, कारण सूत्रात वर्गमूळ आहे. मग २४ मेगाहर्ट्झपासून १७६६ मेगाहर्ट्झपर्यंत कोण कसं जाणार? सत्तर पटींहून जास्त!

तुमच्यापैकी काही जणांकडे आरटीएल-एसडीआर डोंगल असेल. मुळात टीव्ही बघण्यासाठी केलेला यूएसबीचा तुकडा, जो २०१२ पासून हौशी मंडळींनी रेडिओ म्हणून वापरायला घेतला. त्यातल्या आर८२०टी या ट्यूनरचा पल्ला बरोबर हाच सांगतात. त्याच्या मोकळ्या ड्रायव्हरचा कोड वाचा. व्हीसीओ फिरतो फक्त १७७० ते ३५४० मेगाहर्ट्झ, म्हणजे अगदी एक सप्तक. पुढे भाजक: २, ४, ८, १६, ३२, ६४. १७७० ला ६४ ने भागा, २७.६६ येतात. त्यातून मधली फ्रिक्वेन्सी ३.५७ वजा करा. आले की नाही २४? आता ३५४० ला २ ने भागा, १७७०. त्यातून ३.५७ वजा. १७६६! खोक्यावरचा आकडा हा असा वहीत उतरतो.

म्हणजे या डोंगलवर तुम्ही ९८.३ एफएम ऐकता, तेव्हा आतला व्हीसीओ खरं तर ३.२ गिगाहर्ट्झच्या आसपास फिरत असतो, आणि ३२ ने भागून खाली येतो. प्रत्येक वेळी दोनने भागलं की धुकं ६ डेसिबलने उतरतं. ३२ ने भागलं की ३०. एका सप्तकात नीट गाता आलं, की बाकीची सप्तकं भागाकाराने मिळतात.

फोनमध्येही व्हीसीओ मुद्दाम दुप्पट-चौपट वेगाने फिरवतात, त्याला आणखी एक कारण आहे. फोनचा पॉवर अँप्लिफायर ओरडतो, आणि व्हीसीओ त्याच फ्रिक्वेन्सीवर असेल तर तो तिकडे खेचला जातो. हायगेन्सने १६६५ मध्येच पाहिलं होतं, की एकाच तुळईला टांगलेली दोन लंबकाची घड्याळं आपोआप एका लयीत येतात. तसंच हे. म्हणून दोघांना वेगळ्या सुरात ठेवायचं.

तुम्हाला करून बघायचंय?

यासाठी आता मोठ्या कंपनीत नोकरी लागायची वाट बघायला नको. २०२० मध्ये गूगल आणि स्कायवॉटर यांनी १३० नॅनोमीटर प्रक्रियेची माहिती सगळ्यांसाठी मोकळी केली. सर्किट काढायला एक्सस्केम, चालवून बघायला एनजीस्पाइस. दोन्ही मोफत, साध्या लॅपटॉपवर चालतात.

क्रम असा ठेवा. आधी आदर्श इंडक्टर आणि कपॅसिटर घेऊन फुलीची जोडी उभी करा. सिम्युलेशनमध्ये काहीच हललं नाही तर दचकू नका. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या असल्या की ऑसिलेटर तोल सांभाळून बसतो, त्याला सुरुवातीचं थोडं व्होल्टेज देऊन ढकला. मग इंडक्टरला रोध जोडा, क्यू १२ येईल एवढा. आता करंट किती लागतो ते बघा. मग दोनच स्विचची खुंटी लावा, चार पट्टे मिळतील. व्हॅरॅक्टर छोटा ठेवा आणि पट्टे एकमेकांवर चढतात का, ते आलेखावर तपासा. शेवटी तापमान उणे ४० पासून १२५ अंशांपर्यंत फिरवा. खड्डा दिसला? मग तुम्ही खऱ्या कामाला लागलात असं समजा.

ब्रेडबोर्डवर मात्र गिगाहर्ट्झचा हट्ट धरू नका. त्याच्या शेजारशेजारच्या पट्ट्यांतच काही पिकोफॅरड धारकता असते. १ पिकोफॅरडवर ५ गिगाहर्ट्झ असतात हे मघाशी बघितलंच. तिथे १० मेगाहर्ट्झच्या आत राहा, हाताने तार गुंडाळा, आणि बोट जवळ नेल्यावर सूर कसा सरकतो ते बघा. पुस्तकात ज्याला नको असलेली धारकता म्हणतात, ती अशी बोटावर कळते.

पुढच्या भागात लूपचं फिल्टर घेऊया. मणी किती वेगाने सरकवायचा, हे तेच ठरवतं. तोवर ज्यांनी चार पट्ट्यांचा व्हीसीओ चालवलाय त्यांनी आलेख पाठवा. खड्डा असलेला आलेख आला तर तोच आधी उघडूया, त्यात शिकण्यासारखं जास्त असतं. भेटूया!